स्फुरदाची बेटं: बनाबा आणि नाउरू

रानवाट

आमच्याकडे भुईमूग पेरायच्या आधी शेतात एक खत पडायचं. राखाडी, आंबूस वासाचं, हाताला चरचरणारं. आजोबा त्याला 'सुपर' एवढंच म्हणत. गोणीवर लिहिलेलं 'सिंगल सुपर फॉस्फेट' मी अक्षरं जुळवत वाचायचे. हे कुठल्या तरी दगडापासून बनतं हे कृषी पदविकेला गेल्यावर कळलं. तो दगड येतो कुठून, हा प्रश्न त्यानंतर कितीतरी वर्षांनी पडला. गेलं वर्षभर याच विषयाचं वाचन चालू आहे, त्यातलं इथे मांडते. जाणकारांनी भर घालावी.

पॅसिफिक महासागरात विषुववृत्ताला लागून नाउरू आणि बनाबा ही दोन बेटं आहेत. दोघांत साधारण ३०० किलोमीटर पाणी. नाउरू २१ चौरस किलोमीटरचं, तर बनाबा जेमतेम ६. इंग्रजांनी बनाबाला 'ओशन आयलंड' म्हटलं. ही मुळात पाण्याबाहेर उचलली गेलेली प्रवाळबेटं. हजारो वर्षं समुद्रपक्ष्यांची विष्ठा खालच्या चुनखडीत मुरत गेली आणि चुनखडीच्या सुळक्यांमधल्या खाचांत जगातल्या सर्वांत कसदार खडकांपैकी एक, फॉस्फेट, साठत गेला.

१८९९ साली सिडनीतल्या पॅसिफिक आयलंड्स कंपनीच्या कचेरीत दार उघडं राहावं म्हणून एक दगड टेकवून ठेवलेला होता. तो नाउरूहून आला होता आणि अश्मीभूत लाकूड म्हणून सगळे त्याला ओळखत. अल्बर्ट एलिस नावाच्या तरुण कर्मचाऱ्याने तो तपासून घेतला तर निघाला उत्तम प्रतीचा फॉस्फेट. नाउरू तेव्हा जर्मनांच्या ताब्यात होतं. शेजारच्या बनाबाची घडण तशीच, आणि त्यावर कुणाचाच झेंडा नव्हता. ३ मे १९०० रोजी एलिस तिथे उतरला आणि त्याने तेमाती नावाच्या माणसाला 'राजा' ठरवून करारावर सही घेतली. बेटावरचा सगळा फॉस्फेट ९९९ वर्षांसाठी, मोबदला वर्षाला ५० पौंड किंवा तेवढ्या किमतीचा माल.

बनाबावर असा राजा नव्हताच. जमीन घराघराची, माणसामाणसाची होती. दुसऱ्याची जमीन लिहून द्यायचा अधिकार तेमातींना कुणी दिलेला नव्हता. हा कागद मी पहिल्यांदा वाचला त्या रात्री मला झोप लागली नाही. आमच्या घरात सातबाऱ्यावरच्या एका चुकीच्या नावापायी दोन पिढ्या भांडल्या. इथे अख्ख्या बेटाचा उतारा एका सहीत गेला.

१९०१ मध्ये ब्रिटनने बेट ताब्यात घेतलं. नाउरूवर १९०६-०७ च्या सुमारास जर्मनांशी ठरवून त्याच कंपनीच्या पुढच्या अवताराने, म्हणजे पॅसिफिक फॉस्फेट कंपनीने, खोदाई सुरू केली. पहिलं महायुद्ध झालं, जर्मन गेले, आणि १९२० पासून दोन्ही बेटं 'ब्रिटिश फॉस्फेट कमिशनर्स' या सरकारी मंडळाकडे आली. त्यात ब्रिटन आणि ऑस्ट्रेलियाचा वाटा प्रत्येकी ४२ टक्के, न्यूझीलंडचा १६. या मंडळाचं काम ज्या नियमाने चालायचं तो माझ्या मते सगळ्या इतिहासाची गुरुकिल्ली आहे. फॉस्फेट बाजारभावाने विकायचाच नाही, काढायला आणि वाहायला जो खर्च येईल त्या भावाने ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडच्या शेतकऱ्यांना द्यायचा. त्यामुळे नफा म्हणून कागदावर फारसं काही दिसत नसे आणि बेटवाल्यांचं स्वामित्वधनही (रॉयल्टी) त्याच मापाने चिमूटभर राही. त्या शेतकऱ्याला खत स्वस्त पडत होतं आणि त्यातला फरक बनाबाच्या आणि नाउरूच्या घरांतून जात होता.

काळी कसदार

रानवाट, फार मोलाचं लिहिलंत. थोडी मातीची बाजू मी सांगतो, म्हणजे या दगडासाठी एवढा आटापिटा का ते कळेल.

नत्र, म्हणजे नायट्रोजन, हवेतून मिळतं. डाळवर्गीय पीक घेतलं की थोडंफार आपोआप जमिनीत येतं, शिवाय कारखान्यात हवेपासून युरिया बनवता येतो. स्फुरदाचं, म्हणजे या दगडातल्या फॉस्फरसचं, तसं नाही. तो हवेत नाही, कारखान्यात घडवता येत नाही, खडकातच शोधावा लागतो. ऑस्ट्रेलियाच्या जमिनी फार जुन्या, झिजलेल्या, त्यांत स्फुरद अगदी कमी. न्यूझीलंडच्या डोंगरउतारांवर गवत हवं तर स्फुरद हवाच. या दोन देशांची गहू, लोकर आणि लोणी यांवरची श्रीमंती सुपरशिवाय उभीच राहिली नसती.

दगड नुसता दळून टाकला तर आपल्या काळ्या, चुनखडीयुक्त जमिनीत तो तसाच पडून राहतो, पिकाला लागत नाही. कोकणातल्या आम्लधर्मी जांभ्या मातीत थोडा उपयोग होतो. म्हणून दगडावर गंधकाम्ल टाकून त्यातला स्फुरद विरघळणारा करायचा. त्याचं सुपर. १८४२ साली इंग्लंडमध्ये जॉन बेनेट लॉज यांनी त्याचं पेटंट घेतलं आणि तिथून जगभर दगडाची शोधाशोध लागली. पहिली धाव पेरूच्या चिंचा बेटांवर, ग्वानो म्हणजे पक्ष्यांच्या कोरड्या विष्ठेच्या डोंगरांवर. ते संपत आले तसे हे प्रवाळबेटांवरचे खडक डोळ्यांत भरले.

आणि चुनखडीयुक्त जमिनीत सुपर टाकलं तरी त्यातला बराचसा स्फुरद चुन्याशी जखडून बसतो. आमच्याकडे माती परीक्षणाला येणाऱ्यांना मी हे रोज सांगतो. दरवर्षी गोण्या ओतण्यापेक्षा जमिनीत साठलेला स्फुरद मोकळा करणारे पीएसबीचे जिवाणू वापरा, शेणखतात मुरवून टाका. हा दगड कुठून कसा आलाय हे वाचल्यावर तर तो वाया घालवायला हात धजणार नाही.

दर्यावर्दी

मी ८० च्या दशकात एका बल्क कॅरिअरवर, म्हणजे सुटा माल वाहणाऱ्या जहाजावर, थर्ड इंजिनिअर होतो. नाउरूला दोनदा गेलो, ऑस्ट्रेलियासाठी फॉस्फेट भरायला. वर्णन वाचून सगळं डोळ्यांसमोर आलं, म्हणून लिहितो.

तिथे बंदर असं नाहीच. बेटाभोवती खडकांची कड आणि कड संपली की समुद्र एकदम खोल. नांगर टाकायची सोय नाही. जहाज खोल समुद्रात रोवलेल्या बोयांना, म्हणजे तरंगत्या पिंपांना, बांधतात आणि किनाऱ्यावरून दोन प्रचंड लोखंडी हात खडकाच्या कडेवरून पुढे येतात. त्यांच्या पट्ट्यांवरून फॉस्फेट थेट होल्डमध्ये, म्हणजे जहाजाच्या पोटात, पडतो. पश्चिमेचा वारा सुटला की बोया सोडायच्या आणि बेटापासून लांब तरंगत राहायचं. आम्ही पहिल्या खेपेला बरेच दिवस असे तरंगत होतो. डेकवर, कपड्यांवर, जेवणाच्या ताटावर सगळीकडे तीच पिवळट धूळ. चीफ कुक रत्नागिरीचे होते. ते भाताच्या टोपावर ओलं फडकं बांधून ठेवायचे.

एकदा किनाऱ्यावर जायला मिळालं. सखल काठावर नारळ, घरं, गाड्या, सगळं नीटस. शेजारच्या किरिबाती या बेटांच्या देशातला एक कामगार आम्हाला वर, पठारावर घेऊन गेला. त्याला ते लोक 'टॉपसाइड' म्हणत. मी कोकणातला, चिरेखाणी लहानपणापासून बघितलेल्या. पण चिरेखाण संपली की तिला निदान तळ असतो, पाणी साठतं, पोरं पोहतात. तिथे तळच नव्हता. राखाडी-पांढरे चुनखडीचे सुळके, माणसाच्या दुप्पट-तिप्पट उंच, एकमेकांना खेटून उभे. मधला दगड काढून नेलेला. पाय ठेवायला सपाटी नाही. ऊन त्या पांढऱ्या दगडावरून परत तोंडावर येत होतं. पक्षी नव्हते. तो कामगार म्हणाला, इथे आधी झाडं होती. त्याने ती बघितलेली नव्हती, त्याला त्याच्या बापाने सांगितलेलं.

नांगर

लेख आणि प्रतिसाद दोन्ही आवडले, पण एका मुद्द्यावर मी सहमत नाही. नाउरू १९६८ साली स्वतंत्र झालं, १९७० पासून खाणी त्यांच्या स्वतःच्या महामंडळाकडे आल्या. त्यानंतर मिळालेला पैसा थोडाथोडका नव्हता. दरडोई उत्पन्नात ते काही काळ जगात अगदी वरच्या पंगतीत होते. मेलबर्नमध्ये ५२ मजली नाउरू हाउस बांधलं, स्वतःची विमान कंपनी काढली, पिढ्यांसाठी ठेवलेला ट्रस्टचा निधी चुकीच्या गुंतवणुकींत घालवला. पुढे २००४ साली ती इमारतही गेली. स्वातंत्र्याआधी खोदलेली जमीन एकूण खाणपट्ट्याच्या सुमारे एक तृतीयांशच होती ना? उरलेली कुणी खोदली? सगळं साम्राज्यावर ढकलून कसं चालेल?

रानवाट

नांगर, एक तृतीयांश हा आकडा बरोबर आहे आणि तो मी टाळणार नाही. ट्रस्टच्या पैशाचं जे झालं ते नाउरूच्या राज्यकर्त्यांचं अपयश आहे आणि त्याची किंमत तिथल्या सामान्य माणसाने मोजली आहे. बेटाची दुरुस्ती व्हायला हवी होती, रुग्णालयं उभी राहायला हवी होती. मधुमेहाचं प्रमाण तिथे जगात सर्वाधिक असलेल्यांपैकी आहे. शेती गेली, मासेमारी मागे पडली, डब्यातलं अन्न आलं.

पण स्वतंत्र होताना त्यांच्या हाती काय होतं तेही पाहा. वस्तीसाठी किनाऱ्याची अरुंद पट्टी आणि पठारावरचा खडक. दुसरं उत्पन्नाचं साधन एकही नाही. १९६० च्या दशकात ऑस्ट्रेलियाचा प्रस्ताव होता की सगळ्या नाउरूवासीयांनी क्वीन्सलँडजवळच्या कर्टिस बेटावर जाऊन राहावं. वेगळं राष्ट्र म्हणून नाही, ऑस्ट्रेलियाचे नागरिक म्हणून. नाउरूचे नेते हॅमर डीरॉबर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६४ साली त्याला नकार दिला. आपण संपून जाऊ, ही त्यांची भीती होती. त्यानंतर त्यांनी मागितलं ते एवढंच: आधी खोदून ठेवलेली जमीन तुम्ही नीट करून द्या. तिन्ही भागीदार देशांनी ती जबाबदारी घेतली नाही. उलट खाणीची यंत्रसामग्री विकत घ्यायला नाउरूलाच २ कोटी १० लाख ऑस्ट्रेलियन डॉलर मोजावे लागले.

शेवटी १९८९ साली नाउरू हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेलं. तुम्ही म्हणता त्याच एक तृतीयांश जमिनीसाठी. १९९२ मध्ये न्यायालयाने ऑस्ट्रेलियाचे बहुतेक प्राथमिक आक्षेप फेटाळले आणि १९९३ मध्ये न्यायालयाबाहेर १० कोटी ७० लाख ऑस्ट्रेलियन डॉलरवर तडजोड झाली. एवढ्याशा देशाने पूर्वीच्या पालक देशाला कोर्टात उभं केलं, हे मला आजही मोठं वाटतं.

त्यांच्या स्वातंत्र्यदिनाची तारीखही लक्षात घ्यावी अशी आहे. दुसऱ्या महायुद्धात जपान्यांनी १९४३ मध्ये १,२०० नाउरूवासीयांना ट्रुक (आताचं नाव चुक) या बेटांवर मजुरीला नेलं. त्यांतले ७३७ जण ३१ जानेवारी १९४६ रोजी परत आले. स्वातंत्र्यासाठी त्यांनी ३१ जानेवारी हाच दिवस निवडला.

आणि बनाबाला तर पैसे उधळायची संधीसुद्धा मिळाली नाही. सगळ्या चर्चा नाउरूपाशी येऊन थांबतात, त्यामुळे बनाबाचं पुढच्या प्रतिसादात सविस्तर लिहिते.

कुळागर

मी गोव्याचा, सांगेकडचा. नांगर यांच्या मुद्द्यावर थोडं बोलू का? आमच्याकडे लोखंडाच्या खाणी होत्या तेव्हा गावात ट्रक होते, पगार होते, जत्रा मोठ्या व्हायच्या. पावसात डंपची माती शेतात यायची, विहिरी आटल्या, तरी 'खाण बंद करा' म्हणणं सोपं नव्हतं, कारण घर त्यावरच चालत होतं. बाहेरून विचारणं सोपं असतं, की तुम्ही स्वतः का खोदलंत. सकाळी उठून ट्रक काढणाऱ्याच्या पुढ्यात दुसरं काय ठेवलेलं होतं, तेही विचारायला हवं.

आता एक दुवा, तो मला अलीकडेच लागला. ओडिशातली पारादीप फॉस्फेट्स ही कंपनी १९८१ साली भारत सरकार आणि नाउरू सरकार यांनी मिळून काढली होती. दगड संपल्यावर देशाला काहीतरी उरावं म्हणून नाउरूने बाहेर अशी भागीदारी केली. पुढे नाउरू त्यातून बाहेर पडलं. २००२ मध्ये सरकारने आपला मोठा हिस्सा झुआरी ही खतकंपनी आणि मोरोक्कोच्या सरकारी फॉस्फेट कंपनीच्या संयुक्त कंपनीला विकला. आणि २०२२ साली आमचा झुआरीनगरचा खतकारखाना पारादीप फॉस्फेट्सकडे गेला. वास्कोला जाताना डोंगरावर दिसतो तो. लहानपणापासून त्याची चिमणी बघतोय.

दर्यावर्दी

कुळागर, हे माहीत नव्हतं. मुरगाव बंदरात आयुष्याची कितीतरी वर्षं गेली माझी.

रानवाट

बनाबा.

१९२० च्या दशकात कमिशनर्सना आणखी जमीन हवी होती आणि बनाबाच्या लोकांनी ठामपणे नाही म्हटलं. जमीन म्हणजे तिथे नारळ, पांडानस (केवड्याच्या जातीचं झाड) आणि पूर्वजांच्या कबरी. बेटाच्या पोटात चुनखडीच्या गुहा होत्या, बांगाबांगा. दुष्काळात पाणी तिथेच मिळे आणि ते आणायला फक्त बायकाच आत उतरत. रांगत, अंधारात, नारळाच्या करवंट्या घेऊन. कुठली गुहा कुठल्या घराची हे ठरलेलं होतं. ही व्यवस्था वाचताना आपल्याकडची दुष्काळातली पाण्याची रांग आठवतेच, पण तिथे बायकांच्या हातात नुसतं काम नव्हतं, हक्कही होता.

१९२८ मध्ये वसाहतीच्या सरकारने सक्तीने जमीन घेण्याचा कायदा केला. तेव्हाचे रेसिडेंट कमिशनर, म्हणजे वसाहतीचे ब्रिटिश प्रमुख, आर्थर ग्रिंबल यांनी बुआकोनिकाई गावाला धमकीवजा पत्र लिहिलं: सही केली नाहीत तर जमीन तर जाईलच, मग गावाचं काय होईल? १९३१ मध्ये जमीन घेतली गेली. येणाऱ्या पैशाचा मोठा हिस्सा बनाबा ज्यात मोडायचं त्या 'गिल्बर्ट आणि एलिस बेटं' या सगळ्या ब्रिटिश वसाहतीचा कारभार चालवायला जात होता, बनाबाच्या लोकांना त्यातला लहान तुकडा मिळे.

१९४२ मध्ये जपानी आले. भूक, मारहाण, मग लोकांना कोसराए, तारावा, नाउरू अशी बेटोबेटी पांगापांग. थोडे पुरुष कामाला ठेवले होते. जपानने शरणागती पत्करल्यानंतर त्यांना कड्यावर नेऊन मारलं. काबुनारे नावाचा एकच जण जिवंत राहिला, महिनोन्महिने लपून. युद्ध संपलंय हे त्याला माहीत नव्हतं.

युद्धानंतर विखुरलेल्यांना एकत्र केलं आणि सांगितलं की गावं उद्ध्वस्त झालीत, तिकडे राहता येणार नाही. फिजीतलं राम्बी बेट त्यांच्यासाठी घेऊन ठेवलेलं होतं. त्यांच्याच फॉस्फेटच्या पैशातून! १५ डिसेंबर १९४५ रोजी ७०३ बनाबावासी आणि सुमारे ३०० गिल्बर्टी माणसं राम्बीवर उतरली. तंबू आणि दोन महिन्यांचा शिधा. वादळाचा हंगाम. विषुववृत्तावरून आलेल्या माणसांना तिथला पाऊस आणि गारठा सोसवेना, म्हातारी माणसं गेली. इकडे रिकाम्या बेटावर खोदाई पूर्ण वेगाने सुरू झाली ती १९७९ पर्यंत चालली. सुमारे २ कोटी टन.

१९७० च्या दशकात बनाबाचे पुढारी रोतान तितो आणि त्यांच्या सोबत्यांनी लंडनच्या न्यायालयात दावे लावले. सुनावणी २०० हून अधिक दिवस चालली, न्यायमूर्ती रॉबर्ट मेगारी स्वतः ते बेट बघायला गेले. १९७६ च्या अखेरीस निकाल आला. अन्याय झाल्याचं न्यायाधीशांना दिसत होतं, पण सरकारवर कोर्टात बजावता येईल असं विश्वस्ताचं कर्तव्य नव्हतं, असं त्यांनी ठरवलं. झाडं पुन्हा लावून देण्याच्या कराराबद्दल थोडकी भरपाई. नंतर तिन्ही सरकारांनी मिळून १ कोटी ऑस्ट्रेलियन डॉलर देऊ केले. गिल्बर्ट बेटांच्या नव्या देशात, किरिबातीत, बनाबा विलीन झालं. राम्बीवरून एक प्रतिनिधी आजही किरिबातीच्या संसदेत बसतो.

वायकाटोकर

मी २२ वर्षं न्यूझीलंडमध्ये आहे, दुग्धव्यवसायाच्या भागात. ही हिरवळ बघायला भारतातून नातेवाईक येतात, फोटो काढतात. मीही कौतुकाने दाखवत असे. महायुद्धानंतर इथे डोंगरांवर विमानांतून सुपर पसरायला सुरुवात झाली, बरेचसे वैमानिक युद्धातून परतलेले. इथल्या जुन्या शेतकऱ्यांच्या तोंडी नाउरूचं नाव सहज येतं. बनाबाचं मात्र मी एकदाही ऐकलं नव्हतं. अल्बर्ट एलिस नंतर न्यूझीलंडचे फॉस्फेट कमिशनर झाले, त्यांना 'सर' किताब मिळाला.

काळी कसदार, एक विचारायचं होतं. इथे गेली काही वर्षं मातीतल्या कॅडमियम या विषारी धातूची बरीच चर्चा असते. त्याचा या दगडाशी संबंध आहे ना?

काळी कसदार

आहे. नाउरूच्या फॉस्फेटमध्ये नैसर्गिकपणेच कॅडमियम जास्त होतं. दरवर्षी थोडं थोडं सुपरबरोबर मातीत गेलं आणि ते तिथून हलत नाही. गुरांच्या मूत्रपिंडात साठतं. म्हणजे बेटावरून उचललेला दगड तुमच्या कुरणांत अजूनही मोजता येतो. आपल्याकडे दगड प्रामुख्याने जॉर्डन, मोरोक्को, इजिप्त इथून येतो, थोडा राजस्थानातल्या झामरकोट्राचा.

प्रश्नांकित

ख्रिसमस आयलंडबद्दल कुणी लिहील का? तिथे भारतीय होते असं ऐकलंय.

दर्यावर्दी

होते. हिंद महासागरातलं बेट, तिथे १८९० च्या दशकाच्या अखेरीपासून फॉस्फेटची खोदाई. मजूर मुख्यतः चिनी, पहिल्या काही वर्षांत त्यांतले शेकडो बेरीबेरीने (जीवनसत्त्वाच्या अभावाने होणाऱ्या रोगाने) मेले. पोलीस शीख. मार्च १९४२ मध्ये तिथल्या तोफेवरच्या पंजाबी सैनिकांनी आपल्या ब्रिटिश अधिकाऱ्याला आणि चौघा वरिष्ठांना मारलं. त्याच महिनाअखेर जपानी उतरले, तेही फॉस्फेटसाठीच. १९८७ साली ऑस्ट्रेलियाच्या सरकारने खाण बंद केली, तेव्हा तिथल्या कामगारांनीच पैसे उभे करून कंपनी काढली आणि ती पुन्हा चालू केली.

नांगर

रानवाट, बनाबावरचा प्रतिसाद दोनदा वाचला. माझा मुद्दा नाउरूपुरता होता आणि तिथे मी अजूनही त्यावर ठाम आहे, पण 'स्वतःच खोदलं' हे वाक्य बनाबाला लावता येत नाही हे कबूल. आता तिथे कोण राहतं?

रानवाट

थोडी माणसं राहतात, काही शे. त्यांतली बरीचशी राम्बीवरून जमिनीची राखण करायला परत गेलेली कुटुंबं. खोदाईत बांगाबांगा बहुतेक गेल्या, त्यामुळे पाणी समुद्राचं गोडं करूनच प्यावं लागतं आणि ते यंत्र बंद पडलं की हाल. अलीकडे उरलेल्या फॉस्फेटसाठी बेटावर पुन्हा चाचपणी करायची बोलणी निघाली, तेव्हा राम्बीच्या लोकांनी विरोध केला.

वायकाटोकर

राम्बीला जाताना त्यांना सोबत काय नेता आलं असेल?

रानवाट

सामान फारसं नव्हतंच, माणसं तीन वर्षांच्या हालांतून थेट बोटीवर आलेली. पण राम्बीवर त्यांनी चार गावं वसवली आणि त्यांना बनाबावरच्या चार गावांचीच नावं दिली: ताब्वेवा, उमा, ताबियांग, बुआकोनिकाई. ग्रिंबल यांनी पत्र लिहिलं होतं ते हेच बुआकोनिकाई. दरवर्षी १५ डिसेंबरला चारही गावं एकत्र जमतात आणि नाचातून सगळी कथा सांगतात, एलिसच्या येण्यापासून.